मॉर्मन पंथ : ऐकीव मत आणि न्याय्य मत

अमेरिकेंतील मॉर्मन पंथाचें नांव निघतांच पुष्कळांस एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे एका पुरुषानें अनेक बायका करण्याची चाल. वस्तुतः त्यांच्या मुख्य मंडळीनें १८९० सालीं ती चाल सोडल्याचें जाहीर केलें, व आज ती पाळणारास मंडळींतून बहिष्कृत करण्यांत येतें. टाकून दिलेल्या चालीवरून आजच्या माणसांची पारख करणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ. देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरील लेखाचें आपण ईश्वरी साहाय्यानें भाषांतर केलें, असें त्यांनीं सांगितलें. तोच ‘मॉर्मनचा ग्रंथ’ १८३० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत प्रसिद्ध झाला व त्याच वर्षीं मंडळी स्थापन झाली. बायबलाप्रमाणेंच हाही ग्रंथ ते शास्त्र मानितात. शिवाय त्रैक्याचा रूढ सिद्धांत त्यांस मान्य नाहीं. इतर ख्रिस्ती मंडळ्यांशीं असलेला हा मतभेद लहान नव्हे, आणि तो झांकून ठेवण्याचें कारणही नाहीं.

परंतु मतभेदाचें पर्यवसान द्वेषांत झालें म्हणजे काय घडतें, हें पाहावें. मॉर्मन लोकांचा उच्छेद करावा किंवा त्यांस हद्दपार करावें, असा हुकूम मिसूरीच्या गव्हर्नरानें १८३८ सालीं काढला. तो रीतसर रद्द होण्यास १९७६ साल उजाडलें! १८४४ सालीं कार्थेजच्या तुरुंगांत जमावानें स्मिथ यांस ठार केलें. पुढें ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखालीं हे लोक १८४७ सालीं सॉल्ट लेकच्या रुक्ष खोऱ्यांत पोहोंचले आणि पाट काढून त्यांनीं तेथें शेती उभी केली. तथापि छळ सोसणारा छळ करणारच नाहीं, असें नव्हे. १८५७ सालीं माउंटन मेडोज येथें मॉर्मन सशस्त्र पथकानें सुमारें १२० वाटसरूंची कत्तल केली. न्याय करावयाचा तर दोन्ही पारड्यांत वजन घातलें पाहिजे.

आज हे लोक मद्य व तंबाखू वर्ज्य मानितात, इतकेंच नव्हे, तर चहा-कॉफीही घेत नाहींत. महिन्यांतून एकदां उपवास करून वांचलेल्या अन्नाचें मोल गरिबांस देण्याचा त्यांचा परिपाठ आहे. चहावांचून ज्यांची सकाळ होत नाहीं, त्या आपणांस हा निग्रह विचार करावयास लावील.

विद्यार्थिमित्रहो, एखादें मत स्वीकारणें निराळें आणि तें मानणारास समजून घेणें निराळें. पहिलें आपल्या विवेकाधीन आहे. दुसरें मात्र कर्तव्य आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास दहा आज्ञांत मनाई आहे. शहानिशा न करितां ऐकीव निंदा पुढें सांगणें, ही खोट्या साक्षीचीच पहिली पायरी होय, असें आमचें मत आहे.