सेव्ह झाले, पण उतरले का?

सहामाहीचे गुण आम्ही शाळेच्या लिनक्स संगणकावर भरले, थेट पेनड्राइव्हवर सेव्ह केले आणि लगेच तो उपसून घरी निघालो. घरी फाइल उघडली तर कोरी! दोन वर्गांचे गुण रात्री जागून पुन्हा भरावे लागले.

चूक आमचीच होती. आपण सेव्ह केले की मजकूर आधी संगणकाच्या मेमरीत थांबतो. मेमरी वेगवान, डिस्क संथ. म्हणून यंत्रणेचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिण्याची कामे साठवून एकदम उरकतो. लिनक्समध्ये सहसा दर 5 सेकंदांनी तो पाहणी करतो आणि 30 सेकंदांहून जुना मजकूर डिस्कवर उतरवतो. त्याआधी वीज गेली किंवा ड्राइव्ह उपसला, तर न उतरलेले गेलेच.

ज्या प्रोग्रॅमला खात्री हवी, तो कर्नलला ‘एफसिंक’ असा हुकूम देतो आणि मजकूर उतरेपर्यंत थांबतो. आपल्यासाठी ‘इजेक्ट’चे बटण आहे. ते दाबावे, ‘आता काढा’ असा निरोप येईपर्यंत थांबावे.

मुलांच्या वहीत उतरेपर्यंत आम्ही फळा पुसत नाही. पेनड्राइव्हच्या बाबतीत मात्र हे विसरलो होतो.