निळ्या रक्ताला पर्याय मिळाला, मग हॉर्सशू क्रॅब सुटणार का?

कोविडची लस घेताना तिचा एखाद्या समुद्री प्राण्याच्या रक्ताशी संबंध असेल, असं कुणाच्या मनातही आलं नसेल. हा प्राणी म्हणजे हॉर्सशू क्रॅब. पाठ घोड्याच्या नालेसारखी आणि नाव खेकड्याचं, पण नातं कोळी-विंचवांशी. डायनासोरच्याही कितीतरी आधीपासून, सुमारे 45 कोटी वर्षं तो पृथ्वीवर आहे.

त्याच्या चार प्रजातींपैकी दोन ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात. पण रक्ताचा वाद पेटलाय तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर.

रक्त कशाला हवं?

या रक्तात तांबं असतं, म्हणून ते निळं दिसतं. औषध कंपन्यांना रस आहे तो त्यातल्या पेशींमध्ये. काही जीवाणूंच्या विषाचा अगदी किंचित अंश असला, तरी या पेशींचा अर्क गोठतो. त्यावरून लस किंवा सलाईन सुरक्षित आहे का, हे कळतं. 1977 मध्ये अमेरिकेत या चाचणीला मान्यता मिळाली. त्याआधी सशांना औषध टोचून ताप येतो का, ते बघायचे. ससे सुटले, हे अडकले.

रक्त काढून त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. त्यातले 15 टक्के मरतात, असं तिथले नियामक धरून चालतात. काही अभ्यासांत हा आकडा 30 टक्क्यांच्या घरात जातो. शिवाय ईल मासे आणि मोठे शंख पकडायला आमिष म्हणूनही त्यांचा वापर होतो.

पक्ष्यांचं काय?

मे-जूनमध्ये मोठ्या भरतीला माद्या डेलावेअर उपसागराच्या वाळूत अंडी घालतात. दक्षिण अमेरिकेतून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी नेमके तेव्हाच उतरतात आणि ती अंडी खाऊन दोनेक आठवड्यांत वजन जवळपास दुप्पट करतात. 1990 च्या दशकात आमिषासाठी प्रचंड उपसा झाला आणि पक्षीही घटले. 2008 मध्ये न्यू जर्सीने ही पकड थांबवली.

मग अडलंय कुठे?

सिंगापूरच्या डिंग जीक लिंग आणि हो बो या शास्त्रज्ञांनी रक्तातला नेमका घटक प्रयोगशाळेत तयार करण्याची वाट कधीच दाखवली होती. युरोपने 2021 मध्ये त्यावर आधारित चाचणी स्वीकारली. अमेरिकेच्या औषध मानक संस्थेने 2024 मध्ये होकार दिला आणि मे 2025 पासून तो लागू झाला.

पण ही फक्त मुभा आहे, सक्ती नाही. नव्या औषधासाठी नवी चाचणी निवडणं सोपं. बाजारात असलेल्या औषधाची चाचणी बदलायची, तर पडताळणी आणि कागदपत्रं पुन्हा करावी लागतात. तो खर्च करायचा की नाही, हे सध्या प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.