शिकवतो तो डॉक्टर

पीएच. डी. झालेल्या आमच्या सरांना आम्ही 'डॉक्टर' म्हणतो, तेव्हा गावची मंडळी हसतात. 'हे कसले डॉक्टर? साधी सुई टोचता येत नाही!' पण शब्दाच्या कुळीचा शोध घेतला, तर मान सरांचाच आधी. लॅटिनमध्ये 'दोकेरे' म्हणजे शिकवणे. त्यावरून 'डॉक्टर' म्हणजे शिक्षक. मध्ययुगात युरोपातील विद्यापीठांत शिकविण्यास पात्र ठरलेल्या पंडिताला ही पदवी मिळे. रोग्याच्या उशाशी ती नंतर आली. आपला 'वैद्य' हा 'विद्' म्हणजे जाणणे या धातूच्या घरचा. वैद्य जाणतो, डॉक्टर शिकवतो!

गेल्या वर्षी आईला दवाखान्यात नेले होते. 'मला झालंय तरी काय?' तिने भीतभीत विचारले. 'तुम्हाला सांगून काय कळणार? गोळ्या घ्या,' असे उत्तर मिळाले. घरी येईपर्यंत ती गप्प होती. गोळ्यांनी ताप उतरला; भीती उतरली नाही.

रोग्याला त्याचा रोग त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे उपकार नव्हेत. 'डॉक्टर' या शब्दातच ते कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जो नुसताच जाणतो, सांगत मात्र नाही, त्याने ती पाटी दारावर लावताना क्षणभर थांबावे.