बिजलीची गाठ

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे आमची आळी फटाक्यांनी दणाणत होती आणि आमची बिजली नावाला बट्टा लावून पलंगाखाली थरथरत बसली होती. हिने तिला ओढून मांडीवर घेतले, पोटावरून हात फिरवला आणि एकदम थांबली. "अहो, इथं हरभऱ्याएवढं काहीतरी लागतंय."

भाऊबीज उलटताच पशुवैद्यांकडे गेलो. कुत्रीला बहुधा स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि गाठी जास्त करून मागच्या दोन जोड्यांत होतात. बिजलीचीही तिथेच होती. "वय काय? लहानपणी ऑपरेशन केलं होतंत का?" डॉक्टरांनी विचारले. वय नऊ, ऑपरेशन नाही. 'मुक्या जिवाला उगाच कशाला कापायचं' हे शब्द माझेच होते, म्हणून मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहू लागलो.

त्यांनी १९६९ सालच्या एका अमेरिकन पाहणीचे आकडे सांगितले. ऑपरेशन न झालेल्या कुत्रीचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेलीचा जेमतेम अर्धा. एका माजानंतर ८, दोन माजांनंतर २६. (पुढे २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी हा पुरावा कच्चा ठरवला. पण त्याने माझे मन हलके झाले नाही.) अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या साध्या असतात, कोणती साधी, ते काढून तपासल्यावरच कळते.

"डॉक्टर, हे आईकडून येतं का हो?" हिने मध्येच विचारले.

बिजली आम्हांला गटाराकाठी सापडलेली. तिची आई कोण, कुणास ठाऊक! मी हसणार होतो, तेवढ्यात हिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेले. माझ्या सासूबाई आणि हिची मावशी, दोघीही पन्नाशीच्या आत स्तनांच्या कॅन्सरने गेल्या. बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न हिने माझ्यादेखत कधी काढला नव्हता.

डॉक्टरांनी स्वीडनची हकीकत सांगितली. तिकडे निरोगी कुत्रीचे ऑपरेशन करण्याची फारशी चाल नाही, त्यामुळे हा रोग अभ्यासायला सापडतो. २००९ साली तिथल्या संशोधकांनी स्प्रिंगर स्पॅनियल जातीच्या गाठी झालेल्या २१२ आणि न झालेल्या १४३ माद्या घेऊन, बायकांच्या कॅन्सरशी संबंध असलेली १० जनुके तपासली. त्यांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ यांचा गाठींशी संबंध दिसला. बायकांत ज्यांचे नाव सर्वांत आधी निघते, तीच ही दोन.

'कॅन्सरचे जनुक' म्हणजे रोग पेरणारा कुणी दुष्ट, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ही रफूगाराची जात! पेशीतला डीएनएचा धागा तुटला, की तो नीट सांधायचा, हे त्यांचे काम. रफूगारच अधू झाला, तर चुका साठत जातात आणि एखादी पेशी बेताल वाढू लागते. आईत असा बिघाड असला, तर तो मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी.

"स्पॅनियलवरून तुमच्या गावठी बिजलीचं काही सांगता येणार नाही," डॉक्टर हिला म्हणाले, "पण माणसांसाठी रक्ताची तपासणी आहे, बाई."

बिजलीची गाठ काढली, साधी निघाली. हिला मात्र तपासणीला जायला श्रावण उजाडला. 'पापड झाले की', 'मुलाची परीक्षा झाली की', असे चालले होते. शेवटी एका सकाळी आपणच पिशवी घेऊन निघाली, मला म्हणाली, "चला."

अहवाल यायचा आहे. यंदाच्या दिवाळीत बिजलीला घेऊन आम्ही माझ्या भावाकडे गावी जाणार आहोत. तिथे फटाके कमी असतात.