जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट : दोषाची परीक्षा कीं सुट्या भागांची खरेदी ?

लिफ्ट उचलेनाशी झाली कीं पंप गेला, व पंप गेला कीं वरचें झांकण उघडलेंच पाहिजे, असा एक सिद्धान्त आमच्या भागांतील ट्रॅक्टरमालकांमध्यें रूढ झाला आहे. हा सिद्धान्त सोयीचा खरा. परंतु तो मिस्त्रीच्या सोयीचा आहे, मालकाच्या नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसानें यंत्राविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. पण कागद पाहिल्यावांचून फेरफाराची नोंद पुढें सरकवूं नये, ही जी शिस्त त्या खात्यांत अंगीं बाणते, तिचीच येथें उणीव दिसते; म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

आमच्याकडे अद्याप चालू असलेल्या जुन्या ट्रॅक्टरांत मॅसी फर्ग्युसन १०३५ पुष्कळ आहेत, तेव्हां त्यांचेंच उदाहरण घेतों. या लिफ्टची मूळ कल्पना हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाची. तिच्यावर बसविलेला त्याचा ट्रॅक्टर १९३६ सालीं बाजारांत आला, व १९४६ पासून इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें तयार होऊं लागलेल्या टी-ई-२० ट्रॅक्टरानें ती जगभर नेली. तिचीं तीन लक्षणें प्रत्येक मालकास पाठ असावीं. पंप बाहेर नसून गिअरपेटीच्या मागील भागांत, गिअरच्याच तेलांत बुडालेला असतो. तो पी.टी.ओ.च्या दांड्यावर फिरतो. आणि त्यास तेल देणारी झडप शोषणाच्या बाजूस असते. अर्थात् अवजार हव्या त्या उंचीवर पोंचलें कीं पंपाचा घास तुटतो, व तो फिरत राहिला तरी कांहीं उपसत नाहीं. दोषाची निम्मी परीक्षा या तीन लक्षणांतच आहे.

लिफ्ट मुळींच हालत नसेल, तर प्रथम पी.टी.ओ.चा दांडा जोडलेला आहे काय तें पाहावें. तो मध्यावर राहिला कीं पंप फिरतच नाहीं. हें वाचून कोणी हंसेल. पण एवढ्याचसाठीं शहरांतून माणूस बोलावल्याचीं उदाहरणें माझ्या पाहण्यांत आहेत. दुसरें, आसनाच्या बाजूस दोन दांडे असतात : एक नांगराच्या ओढीप्रमाणें खोली सांभाळणारा, दुसरा अवजाराची उंची ठरविणारा. पहिला खालीं राहून गेला, तर दुसरा कितीही वर केला तरी अवजार उठत नाहीं. तिसरें, तेलाची पातळी. ती ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून, इंजिन बंद ठेवून पाहावी. उतारावर पाहिलेली पातळी ही पातळीच नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. लिफ्ट "कमी झाली" असें आपण म्हणतों, तेव्हां दोन निरनिराळ्या तक्रारी एकाच शब्दांत कोंबतों. भार उचलणें हें तेलाच्या दाबाचें काम, आणि लवकर उचलणें हें तेलाच्या भरतीचें. रिकाम्या भुजा झटकन वर येतात पण रोटाव्हेटर जमिनीवरून सुटत नाहीं, तर दाब कमी आहे. रिकाम्या भुजाही आळसावल्यासारख्या येतात, आणि पंपांतून खरखर ऐकूं येते, तर भरती कमी आहे; तेथें तेलाची पातळी, तुंबलेली गाळणी, किंवा शोषणाच्या वाटेनें शिरणारी हवा यांचा संशय प्रथम घ्यावा. सकाळीं लिफ्ट चांगली चालते व दुपारीं तेल तापल्यावर मंदावते, तर आंतील भाग झिजलेले असून पातळ झालेलें तेल फटींतून निसटत आहे. उलट, थंड असतांनाच मंद व तापल्यावर बरी, तर दोष बहुधा दाट तेलाचा किंवा गाळणीचा. इंजिनाचा वेग वाढविला कीं उचलते, म्हणून कित्येकजण हंगामभर तसेंच रेटतात. वेग वाढविल्यानें गळती थांबत नाहीं, केवळ भरती तिच्यापुढें जाते, व डिझेल जळतें तें निराळेंच.

अवजार वर उचलून इंजिन बंद करावें, भुजेच्या उंचीची खूण करावी, आणि घड्याळ पाहावें. जुन्या यंत्रांत तें रात्रभरांत थोडें उतरलें तर तक्रार करण्यासारखें कांहीं नाहीं. पण तें चार-पांच मिनिटांत जमिनीस टेकलें, अगर इंजिन चालू असतांना दर कांहीं क्षणांनीं मान डोलवावी तसे हिसके देऊं लागलें, तर तेल कोंडून राहत नाहीं हें निश्चित समजावें. हें पंपाच्या बळाचें दुखणें नव्हे. पंप बिचारा निसटलेलें तेल पुन्हा भरून काढीत असतो, म्हणून तर हिसके बसतात. गळती सिलिंडरांतील दट्ट्याच्या रिंगांतून असेल, तेल वर नेणाऱ्या नळीच्या जोडावरील रबरी रिंगेंतून असेल, किंवा झडपेंतून असेल. कोठून, तें समजण्यासाठीं वरचें सगळें झांकण उतरविण्याची गरज नाहीं. थोडें तेल काढून बाजूचें लहान झांकण खोलावें, व भार वर असतांना विजेरीनें आंत पाहावें. वरून सिलिंडरकडून धार येते कीं नळीच्या जोडाशीं येते, हें डोळ्यांनीं दिसतें. मात्र आंत हात घालूं नये. दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. आणि भारलेल्या भुजांखालीं भक्कम लांकडी ठोकळे दिल्यावांचून कोणीही, विशेषतः पोरांनीं, खालीं वांकूं नये.

आमच्या शेजारच्या एका बागाईतदारानें गेल्या खरिपाच्या तोंडाशीं अशीच डोलणारी लिफ्ट एका कारखान्यांत नेली. पंप नवा बसला, बिल मोठें आलें, आणि लिफ्ट पूर्ववत् डोलत राहिली. दुसऱ्या मिस्त्रीनें बाजूचें झांकण काढलें, तेव्हां नळीच्या जोडावरची एक रबरी रिंग कडक होऊन चिरलेली निघाली. खर्चाचें दुःख एक वेळ गिळतां येईल. पण त्या आठ दिवसांत जमिनीचा वापसा निघून गेला, तो कोणत्या बिलांत धरावयाचा?

तेल ताकासारखें पांढरट दिसल्यास त्यांत पाणी शिरलें आहे. गिअरच्या दांड्याचें रबरी टोपण फाटलें, व ट्रॅक्टर पावसांत उघडा राहिला, कीं हें होतें. रात्रभर उभा ठेवून सकाळीं खालचें बूच हळूहळू सैल करावें. तळास जमलेलें पाणी आधीं येईल. मात्र सगळें तेलच पांढरें झालें असेल तर तें टाकून द्यावें.

नांगर चालतां चालतां कधीं खोल, कधीं उथळ जातो, याचें खापरही पंपावरच फुटतें. फर्ग्युसनच्या रचनेंत टॉप लिंक एका जाड स्प्रिंगेस जोडलेली असते, व नांगराची ओढ ती स्प्रिंग झडपेस कळविते. त्या जोडांत ढिलाई असेल, तर बातमी उशिरा पोंचते व नांगर झोके घेतो. टॉप लिंक काढून तो जोड हातानें मागेंपुढें ओढून पाहावा. सैलपणा लागला तर दुरुस्ती तेथें आहे. रोटाव्हेटरच्या कामास ओढीचा दांडा वापरणारे लोक पाहिले कीं नवल वाटतें. त्याला उंचीचाच दांडा हवा.

एवढ्या परीक्षा बिनखर्चाच्या झाल्या. यापुढें दाबमापक लागतो. या ट्रॅक्टरांच्या लिफ्टच्या झांकणावर बाहेरील यंत्रास तेल देण्यासाठीं बुचानें बंद केलेलें तोंड असतें. तेथें मापक लावून पुस्तिकेंतील आकड्याशीं ताडून पाहावें. दाब आकड्यापर्यंत चढतो आणि तरीही अवजार उठत नाहीं, तर पंप निर्दोष आहे. एक तर ओझें फार आहे, नाहीं तर भुजा कोठें अडकली आहे. भार टिकतो पण दाब चढत नाहीं, तर संशय पंपावर व सुरक्षा-झडपेवर येतो, आणि या दोहोंत झडप स्वस्त असल्यानें तीच आधीं तपासावी, असें माझें मत आहे.

हा मापक प्रत्येकानें घेण्याची आवश्यकता नाहीं. आपल्या संघानें योग्य मापाचा एक मापक, त्यासोबत निरनिराळ्या आट्यांचे जोड, असा संच घेऊन सभासदांस दिवसाच्या बोलीनें द्यावा. नेणाऱ्यानें नोंदवहींत ट्रॅक्टरचा प्रकार, तक्रार, थंड व गरम असतांनाचा दाब, आणि शेवटीं काय बदललें, हें लिहावें. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून परत मागून घ्यावा. कांहींजण म्हणतील, यानें मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल. चांगल्या मिस्त्रीस अशी नोंद हातीं आली तर त्याचा अर्धा दिवस वांचेल, व जो ती पाहून रागावेल त्याच्याकडे ट्रॅक्टर न्यावा कीं नाहीं याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

संच घेण्याचा विषय पुढील सभेंत ठेवावा, अशी सूचना मीं चिटणिसांकडे दिली आहे. ज्यांच्याकडे १०३५ खेरीज दुसऱ्या जातीचा ट्रॅक्टर आहे, त्यांनीं आपल्या लिफ्टवरील त्या तोंडाचे आटे कोणत्या मापाचे आहेत, तें तोंवर पाहून ठेवावें.