संत्र्याचा काढा : पेय उत्तम, औषध नव्हे

डिसेंबर लागला की पातूरच्या घाटाकडून येणारा वारा बोचू लागतो. कापूस वेचायला निघालेल्या बायांची न्याहारी पुष्कळदा कपभर चहा आणि रात्रीची भाकर एवढीच असते. त्याच दिवसांत बाजारात आंबिया बहाराची संत्री, आवळे आणि कागदी लिंबे येतात. ही फळे आणि घरातला मसाला एकत्र आला, तर थंडीत प्यायला चहाहून चांगले पेय तयार होते.

काढा वऱ्हाडाला नवा नाही. २०२०मध्ये करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सुचवले. सूचना एक-दोन वेळांची होती. अनेक घरांत मात्र तो दिवसभर उकळत राहिला. ‘घरचेच आहे, अपाय काय होणार?’ हा समज तेव्हा पक्का झाला आणि अजून गेलेला नाही.

चार कपांसाठी पाच कप पाणी घ्यावे. त्यात बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा, चार मिरे, आठ-दहा मनुका आणि गवती चहाची दोन पाती टाकून मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. गाळून जरा निवल्यावर एका संत्र्याचा आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. रस उकळू नये; उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. साल टाकायची असेल, तर फवारणीचा अंश असू शकतो म्हणून ती चोळून धुवावी. गूळ कपाला अर्धा चमचा पुरे.

यात चहापत्ती नाही, हा मोठा फायदा. जेवणासोबत घेतलेला चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. उलट लिंबू-संत्र्यातले क जीवनसत्त्व भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला मदत करते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. निम्म्याहून अधिक बायांचे रक्त कमी असताना न्याहारीसोबतचा चहा तासभर पुढे ढकलणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. मात्र झालेला रक्तक्षय काढ्याने भरून निघत नाही. त्याला तपासणी आणि लोहाच्या गोळ्याच लागतात.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. मधुमेह्याने गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून घालू नये. रक्तातली साखर तो साखरेसारखाच वाढवतो. रसापेक्षा अख्खे संत्रे खाणे त्याला बरे. रक्तदाब असणाऱ्याने काढ्यात ज्येष्ठमध रोज घालू नये. त्याने दाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आले-दालचिनीचा मारा करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. त्यातून बोटुलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. वाफाळता काढा घशाखाली ओतण्यातही शौर्य नाही. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये नोंदवले आहे.

तरीही काढ्याचा सर्वांत मोठा धोका भांड्याबाहेरचा आहे. खोकला सुरू होतो. घरात काढा होतो, घशाला आराम पडतो, आणि दवाखाना ‘पुढच्या बाजारापर्यंत’ लांबतो. वेचणी बुडवून मजुरीवर पाणी सोडणे परवडत नाही, हेही खरे. पण दोन आठवडे टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा थुंकीत रक्त ही क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. त्याची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उशीर होतो तितके दिवस तोच खोकला घरातल्या लेकरांनाही लागू शकतो. लहान मुलाला धाप लागली किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर एक दिवसही थांबू नये.

थंडीत काढा जरूर करावा, घरभर वाटावा. तो घशाला ऊब देतो, तेवढेच त्याचे काम. पंधरा दिवसांत खोकला गेला नाही, तर चुलीवर पुन्हा पातेले चढवण्याऐवजी दवाखान्याची वाट धरावी.