ट्रेकच्या बॅगेत चाकू चालतो का? ९ इंचांचा नियम काय सांगतो आणि काय सांगत नाही

पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्टेशनात लोकल थांबली की गाडी बरीच रिकामी होते. कुणी भाजे लेण्यांकडे निघतं, कुणी लोहगड-विसापूरकडे. पाठीवरच्या बॅगेत पाणी, रेनकोट, काकडी-कांदा आणि ते कापायला एखादा चाकू. कधी घरातली साधी सुरी, तर कधी हौसेने ऑनलाइन मागवलेला, बटण दाबताच खटकन उघडणारा चाकू.

हा चाकू जवळ बाळगणं कायदेशीर आहे का? यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "पातं ९ इंचांच्या आत असेल तर काही होत नाही." हे उत्तर अर्धंच खरं आहे.

९ इंच आले कुठून?

शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. यातला 'किंवा' महत्त्वाचा आहे. पातं ६ इंच लांब पण अडीच इंच रुंद असेल, तरी ते या मापात बसतं.

घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधनं यातून वगळलेली आहेत. म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीला किंवा भात कापायच्या विळ्याला परवाना लागत नाही.

पण ही यादी शस्त्रांच्या वर्गवारीची आहे. त्याहून लहान चाकू खिशात घालून कुठेही फिरा, अशी मुभा ती देत नाही.

मग बटणाचा चाकू?

याच कायद्याचं कलम ४ सरकारला ठरावीक भागापुरते जादा निर्बंध घालू देतं. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या, स्प्रिंगच्या आणि गरारीच्या चाकूंवर निर्बंध आणले. माप होतं लांबी ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त. म्हणजे ९ इंच सोडाच, ३ इंचांचं पातंही त्यात अडकतं.

अशाच एका प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीवरचा खटला रद्द केला. अधिसूचनेचा रोख चाकू बनवणं, विकणं किंवा विक्रीसाठी बाळगणं यावर होता आणि आरोपपत्रात तसा आरोपच नव्हता. आरोपी सुटला, पण त्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं.

महाराष्ट्रातलं कलम ३७

आपल्याकडच्या गुन्ह्याच्या बातम्यांत एक ओळ नेहमी असते: 'शस्त्र अधिनियम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१) सह १३५'. ट्रेकर्सनी यातलं ३७ समजून घ्यायला हवं.

१९५१ च्या या कायद्यानुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी शांतता आणि सुरक्षिततेसाठी शस्त्रं, चाकू, काठ्या किंवा इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सोबत नेण्यावर बंदी घालू शकतात. कलमात पात्याचं माप दिलेलं नाही. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि खास कारण नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांपेक्षा कमी करता येत नाही. सण, निवडणुका, आंदोलनं या काळात असे आदेश निघतात. बहुतेकदा ते पंधरवड्याचे असतात आणि एक संपला की दुसरा येतो.

आता पुण्याहून भाज्याचा रस्ता बघा. आधी पुणे शहर आयुक्तालय, मग २०१८ मध्ये सुरू झालेलं पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, आणि पुढे भाजे-मळवली पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. एका सकाळच्या प्रवासात तीन हद्दी आणि त्यांचे वेगवेगळे आदेश. चाकू तोच असला तरी त्यावरचा नियम वाटेत बदलू शकतो.

मग न्यायचं काय?

बटणाचा, स्प्रिंगचा किंवा खंजिरासारखा दुधारी चाकू घरीच ठेवा. काकडी कापायला त्याची गरज नाही. त्याऐवजी नखाने खाच धरून दोन्ही हातांनी उघडायचा छोटा घडीचा चाकू, कात्री असलेलं मल्टिटूल किंवा म्यानात घातलेली भाजीची सुरी पुरते. ती खिशात किंवा कमरेला न लावता डब्यासोबत बॅगेच्या तळाशी ठेवा. बंदी आदेश लागू असेल तर तीही नको, फळं घरूनच कापून न्या.

आणि 'स्वसंरक्षणासाठी ठेवलाय' हे उत्तर तुमची बाजू भक्कम करत नाही. कायद्याच्या व्याख्येत हल्ल्याइतकीच बचावासाठी बनवलेली वस्तूही शस्त्रच आहे.

पोलिसांची बाजूही पोकळ नाही. पुण्यात कोयत्याची दहशत इतकी वाढली, की २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना ग्राहकाचं आधार कार्ड घ्यायची सूचना दुकानदारांना झाली. पण त्याच कोयत्याने मावळातला शेतकरी बांधावरची झुडपं तोडतो. वस्तू तीच, फरक हेतूचा आणि जागेचा. तो फरक रस्त्यावर तपासणी करणारा पोलीस काही मिनिटांत ठरवतो, आणि चुकला तर निस्तरायला वर्षं जातात. दाखल गुन्हा पासपोर्ट आणि नोकरीच्या पडताळणीतही समोर येतो.

म्हणूनच हे आदेश कागदोपत्री जाहीर होऊन भागत नाही. मळवली स्टेशन, भाज्याचं तिकीटघर, लोहगडाचा पायथा इथे 'आज बंदी लागू आहे' एवढा फलक लागला, तरी साधा पर्यटक आणि खरा गुंड यांना वेगळं ओळखणं पोलिसांनाही सोपं जाईल.